लाल फ्रॉकचा फोटो

३ फेब्रुवारी
नव्या नोकरीचा पहिला दिवस झकास गेला. लॅपटॉप दुरुस्तीचं दुकान, खिडकीजवळचं टेबल आणि मालक म्हणजे देवमाणूस, फक्त बोलायला लागले की थांबत नाहीत. सगळे त्यांना काका म्हणतात, मीही सुरुवात केली. त्यांचा एकच हट्ट: पडद्याचे रंग तपासायला दुकानातला फळांच्या टोपलीचा फोटो वापरायचा, घरच्या माणसाचा फोटो गिऱ्हाइकाच्या मशीनमध्ये टाकायचा नाही. कारण विचारलं तर म्हणाले, पूर्वीपासूनची पद्धत आहे.
घरी आलो तर चिमीने दारातच झडप घातली. सहा वर्षांची पोर, पण उलटतपासणी वकिलासारखी. बायको म्हणाली, आधी हात धू, मग लेकीचे लाड कर.

५ फेब्रुवारी
एका शिक्षिकाबाईंचा लॅपटॉप आलाय. ग्राफिक्स ड्रायव्हर, म्हणजे पडद्यावर चित्र उमटवणारा प्रोग्राम, अपडेट झाला की पडदा काळा होतो आणि मशीन बंद पडतं. मी नेट काढलं, जुना ड्रायव्हर मुळासकट पुसला, नवा टाकला. झाकणावर मांजराचं स्टिकर आहे, खाली वेड्यावाकड्या अक्षरांत 'आईचा'. बाई म्हणाल्या, कुणी चिकटवलं कोण जाणे, मी तर एकटीच राहते.
काका जेवायला गेले होते. टोपलीतली फळं पार फिकी, म्हणून रंग तपासायला चिमीचा लाल फ्रॉकमधला फोटो टाकला. चार मिनिटांत पडदा काळा. मशीन पुन्हा सुरू केलं तर फोटोतला फ्रॉक राखाडी! हसू आलं.
संध्याकाळी घरी दोरीवर तोच फ्रॉक वाळत होता. राखाडी. बायको म्हणाली, पहिल्यापासून राखाडीच आहे, डोळे तपासून घे.

६ फेब्रुवारी
फोटो तीनदा पुसला, तीनदा परत आला. नवा ड्रायव्हर काढायला गेलो तर अर्ध्यातच पडदा काळा. आता फोटोत चिमी अर्धीच आहे. बाकी नुसती खुर्ची.
घरी दोनच ताटं मांडलेली. चिमी आईचा पदर ओढत होती, हाका मारत होती. बायको भाजी चिरत राहिली, मान वर केली नाही. मी चिमीला उचललं. वजनच लागलं नाही. मला भीती वाटतेय.

७ फेब्रुवारी, सकाळ
काकांना सगळं सांगितलं. रागावले नाहीत. आधीही एकाने असाच घरचा फोटो टाकला होता म्हणे, त्या फोटोत कोण होतं ते आता कुणालाच आठवत नाही. जुना ड्रायव्हर परत टाकणं हा एकच उपाय. पण तो मीच पुसलाय — पडद्यावरचं जुन्याकडे परत जायचं बटण फिकं पडलंय, दाबलं जात नाही. काका कपाटात जुन्या ड्रायव्हरचा पेन ड्राइव्ह शोधतायत.
नेट काढलेलं आहे, तरी अपडेट सुरू झालं. मशीनने ते आधीच उतरवून ठेवलं होतं. चाळीस टक्के. मशीन बंद करायची हिंमत नाही — मध्येच तोडलं की चिमी —
सापडला! चिठ्ठी चिकटवली, 'चिमीसाठी. हे आधी टाक.' विसरलो तर — नव्वद — देवा, पडदा —

७ फेब्रुवारी, दुपार
बाईंचा लॅपटॉप ठणठणीत. दोन तास सलग चालला, रंग एक नंबर. तपासणीच्या फोटोत एक रिकामी खुर्ची आहे. काका खूश.
खिशात पेन ड्राइव्ह सापडला. चिठ्ठीवर अक्षर माझंच. चिमी कोण? एखादं गिऱ्हाईक असेल. काकांनाही आठवेना.

चार वाजता
ही रोजनिशी मागे उलटली. 'चिमीने दारातच झडप घातली.' माझंच अक्षर. आम्हाला मूल नाही. बायकोला फोन केला. तीही नाही म्हणाली. मग तिनेच विचारलं, दोरीवर एवढासा फ्रॉक कुणाचा रे, आणि का कुणास ठाऊक रडायलाच लागली.
आठवत नाही, पण हे आधी टाकायचं — बाईंच्या लॅपटॉपला पेन ड्राइव्ह लावला —
स्पीकरमधून कुणीतरी बाबा म्हणतंय. त्यामागून दुसऱ्याच मुलाचा आवाज, आई म्हणणारा. लॅपटॉप न्यायला आलेल्या बाई दारातच थबकल्या. त्यांनाही ऐकू —
पडदा काळा होतोय — चिमी, बाबा इथेच आहे, तू