नऊ किलोचं मशीन

९ जानेवारी १९९४, जळगाव
बोदवडहून दुपारी परत. टेम्पोतून मशीन उतरवताना कमरेत कळ आली, ती थेट टाचेपर्यंत. गिटारचा अ‍ॅम्प्लिफायर कसला, बत्तीस किलोची धोंड आहे. स्पीकरचे बॉक्स दोघं दोघं मिळून उचलतात, मशीन मात्र माझं मीच. आबांच्या ऑर्केस्ट्रात पहिल्यापासून नियम आहे, ज्याचं वाद्य त्याच्या खांद्यावर. बासरीवाल्याचं बरंय. पिशवीत घालून येतो लेकाचा.

१४ जाने.
मणका सरकलाय म्हणे. डॉ.: "दहा किलोच्या वर काही उचलायचं नाही. नाहीतर पाय जाईल." गिटार? "बसून वाजवा, उभं राहून वाजवा. उचलू नका." सौ. बाहेर बाकावर बसून ऐकत होती. चव्वेचाळीस वय. एवढ्यात?

२२ जाने.
हलकं मशीन शोधतोय. स्टेशनजवळच्या दुकानात एक पाच किलोचं निघालं. एका बॉक्सवर गोड वाजलं. दोन्ही जोडून जरा वाढवलं, की आवाज फाटला. दुकानदार म्हणतो, "हळू वाजवा ना सर." वरातीपुढे हळू वाजवू! दुसरं होतं दमदार, पण सव्वीस किलो. मग जुनं काय वाईट होतं?

३ फेब्रु., धुळे
कमरेला पट्टा बांधून एसटीने धुळ्याला. इथला एक रेडिओ मिस्त्री स्वतः मशीन बांधतो. ट्रान्सफॉर्मर गोल वापरतो, बांगडीसारखा. लोखंड कमी, म्हणून वजन कमी. शेजारच्या किराणा दुकानातल्या काट्यावर ठेवून दाखवलं, नऊ किलो. त्याचे दोन बॉक्स लावून तासभर वाजवलं. आवाज जरा कोरडा. जुन्यात एक ऊब होती, ती नाही. पण दोन्ही बॉक्स न कुरकुरता ओढतं. मिस्त्री: "दोनच लावा भाऊ. तिसरा लावला तर जळेल." घेतलं. एसटीत मांडीवर ठेवून आणलं.

१७ फेब्रु.
एरंडोलजवळ लग्न. सामान उतरताना नवरीच्या काकाने मशीन एका हाताने उचललं, हलवून पाहिलं. "भाऊ, हाई ते रिकामं खोकं शे! आम्हले येडं समजतस का?" मग चार जणांनी पाळीपाळीने उचलून पाहिलं आणि हसले. इकडे ऑर्केस्ट्राची पारख अशीच. टेम्पो आला की घरची माणसं हाताने सामान तोलतात. जितकं जड तितकी पार्टी मोठी. वाजलं तेव्हा वेशीपर्यंत ऐकू गेलं, तो काकाच सगळ्यांत जास्त नाचला. पण आबांचं तोंड पडलेलं. परतताना एवढंच म्हणाले, "सुरेश, आज आपलं हसं झालं." आपलं म्हणजे माझं.

२६ फेब्रु.
आबा मशीन घेऊन गेले. लाकडी पेटीत बसवून, पत्र्याचे कोपरे मारून देतो म्हणाले, टेम्पोत आपटतं म्हणून. बरं वाटलं. विसाव्या वर्षी मला स्टेजवर उभं केलं ते यांनीच. राग गेला असावा.

२ एप्रिल
मशीन आलं. पेटी झकास, वर ऑर्केस्ट्राचं नाव रंगवलेलं. उचललं आणि घाबरलो. केवढं जड! आबा: "सागवान आहे रे, किलो-दोन किलो वाढणारच." दोन किलोला एवढा घाम? म्हणजे कंबर गेलीच आपली.

१९ एप्रिल
तीन लग्नं झाली. दर वेळी उचलताना डोळ्यांपुढे अंधारी. डाव्या पायाची दोन बोटं बधिर. डॉ. विचारतात, दहाच्या वर उचलता का? नाही हो, शपथ. मग ते पुन्हा एक्स-रेचा फोटो उजेडात धरून बघतात. इंजेक्शनं सुरू. सौ. म्हणाली, पुरे झाली गिटार, माझ्या भावाच्या दुकानात बसा. ओरडलो तिच्यावर. ओरडलो, कारण माझ्याही मनात तेच होतं.

७ मे, नरडाणा
रस्ता सगळा खडीचा. टेम्पोतच पेटीत काहीतरी खडखडायला लागलं. मांडवामागे, उन्हात, पेटी उघडली. मिस्त्रीच्या मशीनशेजारी आणखी एक ट्रान्सफॉर्मर. जुना, चौकोनी, मेलेला. एकही तार जोडलेली नाही. चार बोल्टांनी तळाला आवळलेला, त्यातला एक निसटलेला. नुसतं वजन.
आबांना हाताला धरून आणलं, दाखवलं. लाजसुद्धा नाही. "लोक हाताने तोलतात, सुरेश. त्या एरंडोलनंतर दोन तारखा गेल्या आपल्या."
मला सांगायचं तरी!
"सांगितलं असतं तर तू उचललं असतंस का?"
तरी वाजवलं. चांगलं वाजलं. त्याचाच जास्त संताप येतोय.

८ मे
भंगारवाल्याचा काटा घरापासून शंभर पावलांवर. एकदा नेऊन ठेवलं असतं तर... नेलं नाही. मशीनचा संशय आलाच नाही कधी. स्वतःचाच आला. पाच आठवडे मी स्वतःला संपलेला माणूस समजत होतो, आणि आबा माझ्याच घरी चहा पीत म्हणत होते, "कमरेला जप रे." नीच माणूस. लिहिलं. खोडणार नाही.

१२ मे
डॉ.ना खरं सांगितलं. त्यांनी टाचणीने पायाची बोटं टोचून पाहिली. दोन बोटांना कळलं नाही. येईल का परत? "येईलही." त्या 'ही'वर घरी आलो.
संध्याकाळी ढोलकवाला निरोप घेऊन. १५ला धुळ्याचा कार्यक्रम, टेम्पो चारला. आबा म्हणतात, मशीन आहे तसं आण, नाहीतर येऊ नको, गिटारला दुसरा मुलगा तयार आहे. ढोलकवाला मान खाली घालून सांगत होता. चहाही घेतला नाही त्याने.

१४ मे
सकाळी उरलेले तीन बोल्ट काढले. ते धूड सौ.ने ओढत अंगणात नेलं. पेटीही काढून टाकली. आता नुसतं मिस्त्रीने दिलं तसं, नऊ किलो. कॉटवर ठेवावं म्हणून वाकलो.
उचलेना.
पट्टा आवळून पुन्हा वाकलो. जमिनीपासून वीतभर आलं, पाय लटपटला, खाली ठेवलं.
सौ. ओले हात पदराला पुसत आली. एका हाताने उचलून कॉटवर ठेवलं. "हलकंच आहे की हो," म्हणाली. मग माझ्याकडे पाहिलं.
टेम्पो उद्या चारला येणार आहे.