मापात बसणं

३ मार्च
सकाळी हॉस्पिटल. ह्यांच्या डोक्यातली गाठ पुन्हा वाढली आहे. डॉक्टरांनी नव्या लशीच्या चाचणीचं सांगितलं.
"आता लस? बैल गेला नि झोपा केला!" – हे.
डॉक्टरही हसले. ही लस रोग झालेल्यांसाठीच, म्हणाले. ऑपरेशनात काढलेल्या गाठीच्या तुकड्यावरून ज्याची त्याची वेगळी बनवतात.
"म्हणजे मापाची शिवतात म्हणा. रेडीमेड नाही." शिंपीच ते!
पण सगळ्यांना घेत नाहीत.

५ मार्च
चाचणीचं काम बघणाऱ्या बाईंचा फोन. वय चालतं. रक्त चालतं. स्वतःच्या पायांनी यायला हवं. आणि सूज उतरवायची ती स्टेरॉइडची गोळी बंद होऊन दोन आठवडे झालेले हवेत. अहो, पण हे चालतात तेच त्या गोळीवर! इकडे आड, तिकडे विहीर.
"आयुष्यभर लोकांची मापं काढली," हे म्हणाले, "आता माझं काढताहेत. बघू, बसतो का मापात."

११ मार्च
डॉक्टरांनी हळूहळू कमी करत आणली होती. आजपासून गोळी बंद.

१६ मार्च
डोकं धरून बसतात. दोनदा उलटी. मी नळ मोठा सोडून भांडी घासते, म्हणजे ऐकू येत नाही.

१८ मार्च
"अर्धी तरी दे गं."
नाही दिली.

१९ मार्च
धाकटे भावजी आले. ह्यांना दोघांनी धरून संडासात न्यावं लागलं. बाहेर येऊन भावजी माझ्यावर घसरले – "वहिनी, चाचणी राहू द्या, माणूस बघा!" मी ओरडले, माणूस हवाय म्हणूनच ना! हा आवाज माझा मलाच ठाऊक नव्हता.
आतून हे – "भांडा, भांडा. मी काय मेलोय थोडाच!"

२० मार्च
डॉक्टरांना विचारून गोळी दिली. बाईंना कळवलं. "मग दोन आठवडे पुन्हा पहिल्यापासून," म्हणाल्या. हळू बोलल्या.

२२ मार्च
हे उठले! भात खाल्ला. मीठ कमी म्हणून माझंही माप काढलं. मग मशीनवर बसले आणि ढगळ झालेली राखाडी पँट कमरेत आत घेतली. "चाचणीला हीच घालीन. पँट तरी मापात बसू दे. आत माया ठेवलीय हं, कापली नाही. अंग भरलं की उसवता येईल."
मशीनचा आवाज दाराआड उभी राहून ऐकला.

१४ एप्रिल
बाईंचा फोन. हॉस्पिटलात जपून ठेवलेला गाठीचा तुकडा लशीला चालतोय! "आता गोळ्या बंद आहेत ना?"
"बंद आहेत," म्हटलं. ह्यांना जाऊन आठवडा झाला, ते मागाहून सांगितलं.
दुपारी राखाडी पँट उसवली. आत माया तशीच होती. कंबर पहिल्या मापाची करून ठेवली.