आईच्या खोलीतला एक पॉइंट

ती. ताईस,

साष्टांग नमस्कार. तुझे गुडघे आता जिना चढू देतात का? (भाऊजींची प्रकृती विचारत नाही. ते माझी विचारत नाहीत, मी त्यांची विचारत नाही. चार वर्षांत त्याने दोघांच्याही प्रकृतीला काही झालेलं नाही.) आई आहे तशीच अंथरुणावर, आणि मी तिच्याहून थोडा बरा.

घरात नऊ दिवस नुसती धूळ आहे. आईच्या पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून डॉक्टरांनी विजेवर चालणारी हवेची गादी सांगितली. तिच्यासाठी पलंगाशी एक पॉइंट हवा होता. एकच. वायरमन आला. साठीचा, कोरडा माणूस. भिंतीला काही वाईट बातमी सांगायची असल्यासारखा तिच्याकडे बघतो. त्याने समजावलं, की जुनं वायरिंग त्या काळच्या नियमाने केलेलं असेल तर तसंच चालतं. पण त्या लाइनीवर एक जरी पॉइंट वाढवला, की अख्खी लाइन नव्या नियमात बसवायची: अर्थिंग हवं, आणि करंट गळला की तत्क्षणी लाइन तोडणारा ब्रेकरही हवा. म्हणजे हात लावला नाही तोवर सगळं ठीक. (माझ्या तब्येतीबद्दलही डॉक्टरांचं हेच मत आहे, असं मी म्हटलं. तो हसला नाही.)

ब्रेकर बसला. आईच्या खोलीतला दिवा लावला की तो पडायचा. बोर्ड उघडल्यावर कळलं, की त्या दिव्याला करंट येतो एका लाइनीवरून आणि परत जातो स्वयंपाकघराच्या वायरीतून. जुन्या फ्यूजला याचं काही वाटत नसे. नवा ब्रेकर गेलेला आणि परत आलेला करंट ताडून बघतो, आणि कमी भरला की गळती समजून लाइनच तोडतो. शिवाय वायरींवरच्या रबराचा बोट लावताच भुगा होतो. सध्या अर्ध्या भिंती पोखरलेल्या आहेत, आई बाहेरच्या खोलीत आहे, आणि दर दोन तासांनी मी तिला कुशीवर वळवतो. थोडक्यात, गादीचं काम मी करतो.

वायरमनने विचारलं, "हे केलंय कोणी?" ताई, मी खोटं बोललो. आधीच्या मालकाने, म्हटलं. (चार वर्षांपूर्वी अंगाला साबण लागलेला असताना फ्यूज जळाला, तेव्हा मी तसाच टॉवेलवर बाहेर येऊन सगळ्या पाहुण्यांदेखत भाऊजींच्या वायरिंगला ‘हौशी माणसाचं काम’ म्हणालो, आणि ते चहा अर्धा टाकून गेले, हे तुला सांगायला नको. तेच शब्द परक्याच्या तोंडून ऐकायची माझी तयारी नव्हती.) पण आई पडल्यापडल्या त्याला म्हणाली, "जावईबापू, असं काय करता? तुम्हीच नाही का केलंत, आठ दिवस रजा काढून?"

वायरमनने माझ्याकडे बघितलं, टेस्टर खिशात ठेवला आणि म्हणाला, "हो, मीच. विसरलो बघा."

तेव्हापासून तो रोज जावई आहे. मुलगी कशी आहे, आई विचारते. बरी आहे, तो सांगतो. मग आणली का नाही? गुडघे दुखतात. (ही माहिती मी पुरवली.) तुम्हा दोघांचं मिटलं हे छान झालं, असं आई मला म्हणते, आणि मी मान डोलावतो.

तर, वायरी कुठून कुठे नेल्यात याचा एखादा कागद भाऊजींकडे असेल तर पाठव. बाकी सगळं ठीक.

तुझा धाकटा भाऊ

ता. क. काल न्हाणीघराची भिंत फोडली तर आत तांब्याची जाड तार निघाली, गीझरपासून थेट जमिनीत नेलेली. तेव्हाच्या नियमात ही सक्तीची नव्हती, वायरमन म्हणाला. ज्याने घातली त्याने घरातल्या माणसांचा विचार केला होता. त्या दिवशीचा फ्यूज तिच्यामुळेच जळाला. गीझरमध्ये उतरलेला करंट तिने जमिनीत नेला. ती नसती तर फ्यूज शाबूत राहिला असता, आणि पाण्याखाली उभा होतो तो मी राहिलो नसतो. हे भाऊजींना वाचून दाखव. मला तोंडाने सांगता येणार नाही.

ता. क. दुसरा. कागद नको. वायरमनचं काम शनिवारी संपतंय. सोमवारपासून आई जावयाची वाट बघेल. भाऊजींनाच पाठव.