टिकलीखालचा डाग

सोमवार, संध्याकाळ

व्हिडिओ कॉलवर त्वचेच्या डॉक्टरांना हाताची खाज दाखवत होते, तर त्या म्हणाल्या, "ताई, टिकलीच्या कडेला काळं काय दिसतंय? काढा बरं ती." वर्षभर टिकली मोठी करत तोच डाग झाकत आले होते. हात उठेना. लहानपणी कॉन्व्हेंट शाळेच्या फाटकाशी सिस्टर कुंकू पुसायला लावायच्या, घरी आल्या आल्या आई पुन्हा लावायची. आता नवऱ्यासमोर मीच काढू?

हे म्हणाले, "अगं, मी जिवंत बसलोय इथे. काढ!"

काढली. डॉक्टरांनी डाग कॅमेऱ्याजवळ आणायला लावला, मग म्हणाल्या, "हे फोनवर नाही सांगता येणार. उद्याच दवाखान्यात या."

टिकली आरशाला चिकटवून ठेवली आहे. पुन्हा लावायचा धीर होत नाही. यांनीही तेव्हापासून एकदाही थट्टा केलेली नाही.