मूळ नोटीस

माननीय न्यायाधीश महाराज,

गुन्हा कबूल आहे. हिरवा दिवा लागूनही मी गाडी हलवली नाही. वर्षभर माझं नावही न आठवणारी बायको शेजारी बसून अचानक शाळेतली कविता म्हणू लागली होती. मागच्यांनी हॉर्न वाजवून उच्छाद मांडला, तरी चौथं कडवं होईपर्यंत मी थांबलो.

नोटिशीवर तेव्हाचा फोटो आहे. तिचं तोंड कवितेसाठी उघडलेलं. आठवड्याने ती गेली.

सुनावणीला मूळ नोटीस जमा करायची आहे. "आजोबा, झेरॉक्स ठेवा की!" कारकून म्हणाला. काढली, तिचा चेहरा काळा आला. म्हणून तारीख पुढे ढकलावी, ही विनंती.

अर्जालाही मूळ नोटीस जोडावी लागते, हे आत्ता वाचलं. तेव्हा नोटिशीसोबत हा अर्जही माझ्यापाशीच राहू दे.

आपला,
आजवर आज्ञाधारक