इस्त्रीखात्यातला उकाडा

४ एप्रिल

पंखा बंद पडला. भिंतीतला मोठा — वाफ बाहेर ओढणारा. आणि तोही आत्ता, ऐन उन्हाळ्याच्या तोंडावर! इस्त्रीखात्यात आम्ही सात बायका, दोन तापलेले रोलर आणि हॉटेलांच्या चादरींचे ढीग. बाहेर समुद्राकडून वाऱ्याची झुळूक नाही, आत नुसती वाफ. दुपारी भिंतींना पाणी सुटलं. मुकादम मी, म्हणून मीच वर जाऊन मालकांना सांगितलं. मिस्त्रीला निरोप धाडतो म्हणाले.

५ एप्रिल

मिस्त्री आला नाही.

७ एप्रिल

अंगभर घामोळं. डब्यातल्या मिठाला पाणी सुटलंय, काडी ओढली तरी पेटत नाही. आंघोळ करून अंग पुसेपर्यंत पुन्हा चिकचिक.

धाकटीची कुरकुर सुरू झाली. धाकटी म्हणजे माझी जाऊ. दिरानं गळ घातली म्हणून गेल्या वर्षी मीच तिला इथं चिकटवलं, नाहीतर आमचं बोलणं कुठं आहे? माझी आई गेली तेव्हा ही माहेरी बसून राहिली. दहा-बारा दिवसांनी उगवली आणि वर विचारते, आजारी होत्या का? ते मी विसरलेले नाही. एका छपराखाली राहतो, भिंतीच्या दोन बाजूंना. ती ‘ताई’ म्हणते, मी ‘हं’ म्हणते. संपलं.

१० एप्रिल

पुन्हा वर गेले. मालकांच्या खोलीत एसी — घाम वाळून अंगावर काटाच आला. पंख्याची मोटार मागवलीय, चार दिवस निभावून न्या म्हणाले. तासाला दहा मिनिटं बायकांना बाहेर सोडू का, असं विचारलं. तर म्हणे हंगाम आहे, हॉटेलं थांबणार नाहीत. मी मान डोलावली. मान डोलावण्यात माझा हात कोण धरणार!

खाली आले तर आमची बडबडीसुद्धा गप्प. दिवसभर तोंडाचा पट्टा चालणारी बाई, आज भिंतीला टेकून नुसती श्वास घेत होती.

१२ एप्रिल

आज लिहायचं नव्हतं. पण सांगू कुणाला?

साडेबाराला धाकटी माझ्यापाशी आली. गरगरतंय, मळमळतंय म्हणाली, घरी जाऊ का विचारलं. चेहरा लालबुंद झाला होता, हे आता आठवतंय. तेव्हा मला तिची नाटकंच दिसत होती. परवाही अर्धा दिवस डोकं धरून बसली होती. मी म्हटलं, “ढीग संपव आणि मग जा. इथं सगळ्यांनाच गरम होतंय.”

ती रोलरपाशी परत गेली.

दोनच्या सुमाराला बडबडीनं हाक मारली. धाकटी चादरींच्या ढिगावर आडवी, काहीतरी असंबद्ध बोलत होती. मला ‘आई’ म्हणाली. हात लावला तर अंग भाजत होतं, आणि घामाचा थेंब नाही — कोरडं ठणठणीत. चौघींनी उचलून नळाखाली धरलं, चादरींच्या टेम्पोत घालून दवाखान्यात नेलं.

दीर धावत आला. काय झालं विचारायला लागला. मी म्हटलं, अचानक पडली.

अचानक!

१३ एप्रिल

शुद्ध नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तास-दीड तास आधी आणलं असतं तर.

साडेबारा ते दोन.

बडबडी रोलरच्या पलीकडेच होती. तिनं ऐकलंय. माझ्याकडे बघत नाही.

१४ एप्रिल

सकाळी शुद्धीवर आली. खाटेभोवती आम्ही सगळे — माझे हे, दीर, मालकांचा कारकून, मी. दिरानं तिला विचारलं, बरं वाटत नव्हतं तर सांगितलं का नाहीस? ती माझ्याकडेच बघत होती.

“ताईंनी घरी जा म्हटलं होतं,” ती म्हणाली. “मीच थांबले.”

दिरानं मला हात जोडले. मी बाहेर जाऊन ओकले.

का म्हणाली असेल? भावाभावांत फाटू नये म्हणून? की माझी कीव आली? दोघीच असू तेव्हा विचारीन.

१५ एप्रिल

मूत्रपिंडं निकामी झाली. दुपारी गेली. विचारायचं राहिलं.

१८ एप्रिल

पंख्याला नवी मोटार बसवली. वाफ भराभर बाहेर जाते.

१९ एप्रिल

मालकांनी वर बोलावलं. पुढ्यात टाईप केलेला कागद सरकवला. ‘मयत कामगारास घरी जाण्यास सांगण्यात आले होते, ती स्वतःच्या मर्जीने थांबली’ — खाली माझं नाव आणि सहीची जागा. कारकुनानं तिच्याच तोंडून ऐकलंय म्हणाले. तुमच्यावर काही येणार नाही, आमच्यावरही नाही. मग दिराला कुणाला जाब विचारता येणार नाही, हे ते बोलले नाहीत. मला कळलं. वाचून आणते म्हटलं आणि कागद घरी आणला. पोलक्यात ठेवला होता, घामानं ओला झालाय.

२० एप्रिल

सही केली नाही. दीर दारात बसला होता. त्याच्यापाशी खाली बसले आणि म्हटलं, “ती खोटं बोलली. मला वाचवायला. घरी जाऊ का म्हणून तिनं विचारलं होतं, मी जाऊ दिलं नाही.”

त्यानं अजून मान वर केलेली नाही.