दोनातोमामाची लाल वाइन

प्रिय आई,

मी बरी आहे, वेळेवर जेवते. तुझा गुडघा कसा आहे?

लाल वाइन कुणी घेत नाही म्हणून मामा त्या द्राक्षांच्या वेली उपटायला निघाला होता. काल रोमचा व्यापारी आला. पांढरी त्याला आवडलीच. लाल पिऊन मात्र त्यानं पेला पुन्हा पुढं केला. म्हणाला, "मोलिसेत असं काही पिकतं, हे ठाऊकच नव्हतं!"

"आम्ही इथंच होतो. तुम्हीच उशिरा आलात," मामा म्हणाला.

तो गेल्यावर मामा नुसता येरझारा घालत होता. शेवटी म्हणाला, "त्या वेली तुझ्या आईनं लावल्यात. वीस वर्षं बोलली नाही माझ्याशी. द्राक्षं तोडायला येईल का, विचार."

कालपासून मलाही चैन नाही. येशील का गं?

तुझ्या उत्तराकडे डोळे लावून,
इल्डा